विज्ञानकथेचं वेड आणि आमचं संमेलन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी संमेलनाच्या दीड-दोन महिने आधी फोन सुरू होतात आणि तेच तेच प्रश्न येतात, म्हणून यावेळी एकदाच सगळं लिहून काढतेय. काही प्रश्न संमेलनाचे आहेत, काही माझ्याबद्दलचे, अगदी घरगुतीसुद्धा. क्रम वगैरे लावलेला नाही, जसे आठवले तसे लिहिलेत.

तुम्ही नक्की करता काय?

नोकरी करते. उरलेल्या वेळात विज्ञानकथा वाचते, जमवते, आणि जानेवारीतल्या एका रविवारी विज्ञानकथा वाचणाऱ्या माणसांना एका हॉलमध्ये एकत्र आणते. सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सहा. गोष्टींचं वाचन, वाद, एखाद्या शास्त्रज्ञाचं भाषण, पुस्तकांची अदलाबदल, मुलांचे पोशाख आणि चहा भरपूर. बाहेरच्या देशांत याला कन्व्हेन्शन म्हणतात. आपल्याकडे संमेलन हा शब्द केव्हापासून आहे, १८७८ साली पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने ग्रंथकारांची पहिली सभा भरली होती, त्यामुळे मला तोच शब्द जवळचा वाटतो.

हे वेड लागलं कुठून?

मी लालबागच्या चाळीत वाढले. बाबा गिरणीत. १९८२च्या जानेवारीत संप सुरू झाला तेव्हा मी नऊ वर्षांची होते, आणि घरात जे जे बंद झालं त्यात लायब्ररीची वर्गणी पण होती. पण खाली मंडळाचं मोफत वाचनालय होतं. संपामुळे दिवसभर तिथे पुरुषमाणसं पेपर घेऊन बसलेली असायची, मी एकटी पोरगी, पण कोणी कधी हटकलं नाही, उलट सरकून जागा द्यायचे. दिवाळी अंक कोणी पळवू नये म्हणून त्याला कोपऱ्यात भोक पाडून सुतळीने टेबलाच्या पायाला बांधलेलं असायचं, त्यामुळे वाचायचं तर मान वाकडी करून वाचावं लागायचं.

अशाच एका अंकात ती गोष्ट सापडली. एक माणूस लांबच्या अंतराळप्रवासावरून परत येतो, आपल्याच घराचा जिना चढतो, बेल वाजवतो आणि आतून पावलं ऐकू येतात. आणि पुढचं पान नाही! कोणीतरी फाडून नेलेलं. अंकाला कव्हर पण नव्हतं, म्हणजे कुठला अंक ते पण कळेना.

दार कोणी उघडलं? मी तेरा वर्षं हे लोकांना विचारत होते. शाळेतल्या बाईंना विचारलं, कॉलेजात विचारलं, लोकलच्या लेडीज डब्यात हातात दिवाळी अंक दिसला की त्या बाईला विचारलं. शेवटी माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या जुन्या पुस्तकांच्या स्टॉलवर मी स्टॉलवाल्याला तेच सांगत होते, तर बाजूला पुस्तकं चाळत उभे असलेले एक वयस्कर काका मान वर न करता म्हणाले, "आहे माझ्याकडे. शेवट सांगणार नाही, वाचायला देतो. रविवारी घरी या."

मग? शेवट काय होता?

काकांनी मला सांगितला नाही, मी पण सांगत नाही. संमेलनात या, वाचायला देते.

आणि संमेलन कसं सुरू झालं?

ते काका गिरगावातल्या एका छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायचे, आणि सगळा जन्म त्यांनी एकच उद्योग केला. दिवाळी अंकांतल्या, मासिकांतल्या विज्ञानकथा कापून काढायच्या, आकाराप्रमाणे लावायच्या, दाभणाने टोचून जाड दोऱ्याने शिवायच्या आणि खळ लावून पुठ्ठा चढवायचा. असे तेवीस खंड. पहिल्या पानावर शाईने अनुक्रमणिका, गोष्ट, लेखक, अंक, साल. जिथे लेखकाचं विज्ञान चुकलं असं त्यांना वाटायचं तिथे समासात लाल पेन्सिलीने बारीकशी फुली आणि शेवटच्या पानावर ती का चुकली त्याचं दोन ओळींत स्पष्टीकरण. मॅट्रिक झालेला माणूस, पण वेग, वस्तुमान, गुरुत्व यात त्यांना फसवणं सोप्पं नव्हतं.

मी दर रविवारी जायला लागले, मग मैत्रिणीला नेलं, तिने भावाला आणलं, काकांच्या छापखान्यातले दोघं आले, आणि एका जानेवारीत त्यांच्या बाहेरच्या खोलीत चटयांवर आम्ही अकरा जण बसलो होतो. काकू आतून म्हणाल्या, "आता हॉल बघा." तेच आमचं पहिलं संमेलन धरतो आम्ही.

विज्ञानकथा म्हणजे इंग्रजीतलंच ना सगळं? मराठीत कुठे काय आहे?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त लागतो, म्हणून नीट सांगते.

१९०० साली केरळकोकिळ मासिकात ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाच्या गोष्टीचं मराठी रूप क्रमशः येत होतं. म्हणजे माणूस प्रत्यक्ष चंद्रावर उतरायच्या ६९ वर्षं आधी मराठी वाचक चंद्रावर जाऊन आले होते! पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्न मुलांच्या हातात दिला. मराठी विज्ञान परिषद १९६६ साली मुंबईत सुरू झाली आणि तिच्या विज्ञानकथा स्पर्धेने लेखकांची एक पिढीच उभी केली. १९७४च्या स्पर्धेत कृष्णविवरावरच्या एका गोष्टीला पहिलं बक्षीस मिळालं, लेखकाचं नाव नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे स्वतः जयंत विष्णू नारळीकर, आपलीच आद्याक्षरं उलटी करून घेतलेलं नाव, कारण आपलं नाव बघून परीक्षकांनी निकाल द्यावा हे त्यांना नको होतं. मला त्या माणसाबद्दल जे प्रेम आहे ना, त्यातलं अर्धं या एका गोष्टीमुळे आहे. आमच्या स्पर्धेत पण परीक्षकांना नावं कळत नाहीत, नियम तिथूनच घेतला.

मग बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे, किती नावं घेऊ. नवल, धनंजय यांच्यासारख्या दिवाळी अंकांनी या कथांना हक्काची जागा दिली, ते नसते तर काकांचे तेवीस खंड भरलेच नसते. आणि २०२१ साली नाशिकच्या ९४व्या अखिल भारतीय साहित्य संमेलनाचे अध्यक्ष नारळीकर झाले. तब्येतीमुळे त्यांना तिथे जाता आलं नाही, तरी विज्ञानकथाकाराचं नाव अध्यक्षाच्या खुर्चीला लागलं. ज्या साहित्यप्रकाराला लोक मुलांचं वाचन म्हणून बाजूला ठेवायचे त्याला तो मान मिळाला, त्या दिवशी मी ऑफिसात पेढे वाटले. २० मे २०२५ला ते गेले. पुढच्या जानेवारीत आम्ही भाषणं ठेवलीच नाहीत, सकाळभर फक्त त्यांच्या गोष्टी वाचल्या, एकामागून एक, वाचणारा दर दहा मिनिटांनी बदलत होता.

फॅन्डम फॅन्डम म्हणतात ते काय असतं?

वाचकांनी एकमेकांना शोधून काढणं, बस. अमेरिकेत १९२६ साली ह्यूगो गर्न्सबॅकने फक्त विज्ञानकथांचं मासिक काढलं आणि त्यात वाचकांची पत्रं पत्त्यासकट छापायला सुरुवात केली. झालं, वाचक मासिकाला सोडून एकमेकांनाच पत्रं लिहायला लागले. त्यातून क्लब निघाले, हाताने छापलेली छोटी मासिकं निघाली, त्यांना १९४०पासून फॅन्झिन म्हणतात. आपल्याकडे चाळीत, कॉलेजात हस्तलिखितं निघायची ना, तसंच. ३ जानेवारी १९३७ला इंग्लंडात लीड्सच्या थिऑसॉफिकल हॉलमध्ये जेमतेम पंधरा-वीस लोक जमले, ते जगातलं पहिलं ठरवून भरवलेलं विज्ञानकथा संमेलन मानलं जातं. (फिलाडेल्फियावाले १९३६ची आपली भेट पहिली म्हणतात, तो वाद चालूच आहे.) लीड्सला आलेल्यांत एकोणीस वर्षांचा आर्थर क्लार्क होता, पुढे जगप्रसिद्ध विज्ञानकथाकार झालेला. आमच्याकडे पंधराच लोक आले म्हणून कोणी तोंड पाडून बसलं की मी हेच सांगते.

भारतात असं कोणी आधी केलंय?

कलकत्त्याने केलंय, आणि काय केलंय! अद्रीश बर्धन यांनी १९६३ साली बंगालीत विज्ञानकथांचं मासिक काढलं आणि १९६६ साली तिथे सायन्स फिक्शन सिने क्लब सुरू झाला, अध्यक्ष सत्यजित राय. ते वाचल्यापासून मुंबईत आपण कमी पडतो ही टोचणी मला आहे आणि ती असलेली बरी.

वर्ल्डकॉनला गेलायत का?

नाही. खर्च आणि व्हिसा दोन्ही झेपणारं नाही सध्या. वर्ल्डकॉन म्हणजे जागतिक संमेलन, पहिलं १९३९ साली न्यूयॉर्कला, साधारण २०० लोक होते, मग महायुद्धाची चार वर्षं सोडली तर दरवर्षी. आशियात २००७ला योकोहामा आणि २०२३ला चेंगडू. पण जाता आलं नाही तरी सदस्य होता येतं आणि घरी बसून ह्यूगोला, म्हणजे तिथे दिल्या जाणाऱ्या विज्ञानकथेच्या पुरस्काराला, मत देता येतं, मी दिलंय. आणखी एक गोष्ट मला फार भावते. १९५३पासून तिथे एक फंड आहे, त्यात फॅन लोक वर्गणी काढतात, मतदान करतात आणि एका फॅनला अटलांटिकपलीकडच्या संमेलनाला पाठवतात. लेखक नाही, कोणी मोठा माणूस नाही, साधा वाचक. आम्ही त्याच धर्तीवर दरवर्षी गावाकडच्या एका वाचकाचं एसटीचं भाडं आणि राहण्याचं बघतो.

तिकीट किती?

तिकीट नाही, सदस्यत्व आहे. हे शब्दाचं खूळ नाहीये. वर्ल्डकॉनसारख्या वाचकांनीच चालवलेल्या संमेलनांत हीच पद्धत आहे, येणारा माणूस प्रेक्षक नसतो, संमेलन त्याचंच असतं आणि चालवणाऱ्या कोणालाही पगार नसतो. लालबागमध्ये वाढलेल्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही, गणपती मंडळ असंच चालतं. वर्गणी, पावतीपुस्तक, आणि शेवटी हिशोब भिंतीवर. आमचे खजिनदार चहाच्या कपापर्यंतचा हिशोब हॉलच्या दाराशी लावतात, आणि लोक खरंच वाचतात. विद्यार्थ्यांना आणि सत्तरीच्या पुढच्यांना वर्गणी नाही.

तारीख कशी ठरते? जानेवारीच का?

पावसाळ्यात मुंबईत काही ठरवायचं नाही, २६ जुलै २००५ ज्यांनी बघितलाय त्यांना कारण सांगायला नको. ऑगस्ट-सप्टेंबर गणपतीचे, मग नवरात्र, दिवाळी. दिवाळी अंक वाचून व्हायला लोकांना दोन महिने लागतात. फेब्रुवारीपासून परीक्षा. उरला जानेवारी.

आणि रविवार म्हणजे मेगाब्लॉक, रेल्वेच्या दुरुस्तीचा. मध्य आणि हार्बरवर साधारण अकरा ते चार गाड्यांची बोंब, म्हणून आम्ही साडेनऊला सुरू करतो आणि सहाला संपवतो, म्हणजे येताना पण ब्लॉकच्या आधी आणि जाताना पण ब्लॉक संपलेला. जागा नेहमी दादर-परळच्या पट्ट्यात, कारण पश्चिम आणि मध्य दोन्हीवाले दादरला उतरू शकतात, हार्बरवाल्यांना तेवढं कुर्ल्याला बदलावं लागतं. एका वर्षी मी पाहुण्यांना ब्लॉकचं सांगायला विसरले आणि ते बिचारे दीड तास गाडीत अडकले. त्या दिवशी श्रोत्यांनीच त्यांच्या विषयावर चर्चा सुरू केली, आणि ते दारात येऊन पोचले तेव्हा तीन मुद्द्यांवर भांडण लागलेलं होतं. ते म्हणाले, "थांबू नका, मी मागे बसतो."

हॉल मिळायला त्रास होतो का?

होतो. आधी लग्नं, मग क्लासेस, मग आम्ही. एकदा एका हॉलवाल्यांनी डिपॉझिट घेऊन चार दिवस आधी नाही सांगितलं, जास्त भाडं देणारं गिऱ्हाईक मिळालं होतं. मला रडू आलं होतं. पत्रिका गेलेल्या, एक पाहुणे नागपूरहून निघायचे होते. शेवटी आमच्यातल्या एका शिक्षिकेने तिच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना गळ घातली आणि तळमजल्यावरचे दोन वर्ग मिळाले. पहिली-दुसरीच्या बाकांवर साठ मोठी माणसं गुडघे दुमडून बसली होती. आजही जुने सदस्य तेच संमेलन सगळ्यात चांगलं झालं म्हणतात, आणि मला पण तसंच वाटतं.

कॉस्प्ले असतं का? मुलांना आणलं तर चालेल?

आणाच. पोशाख घालून संमेलनाला यायची पद्धत १९३९च्या त्या पहिल्या वर्ल्डकॉनचीच, अमेरिकेतला फॅन फॉरेस्ट अ‍ॅकरमन भविष्यातला पोशाख घालून गेला होता, पण तो डिझाइन करून शिवला होता मायर्टल डग्लस यांनी, आणि त्या स्वतः पण तसाच पोशाख घालून होत्या. नाव मात्र बरीच वर्षं एकट्या अ‍ॅकरमनचं झालं, म्हणून मी दरवेळी बाईंचं नाव मुद्दाम घेते.

सामान मुंबईत सगळं मिळतं. दिवे, वायरी, बॅटरी लॅमिंग्टन रोडला, कापड मंगलदास मार्केटला. थर्माकोल नको. मागे भांडुपची एक सात वर्षांची मुलगी अंतराळवीर होऊन आली होती. तिच्या आजीने चंदेरी अस्तराच्या कापडाचा काष्टा घालून सूट शिवलेला, कारण आजीचं म्हणणं, काष्ट्यात पाय मोकळे राहतात, चंद्रावर उड्या माराव्या लागतील. हेल्मेट पाण्याच्या वीस लिटरच्या जारचं, कापलेल्या कडेला सायकलची ट्यूब चिरून बसवलेली म्हणजे मानेला लागू नये. पाठीवर दोन रिकाम्या बाटल्या आणि त्यावर खडूने लिहिलेलं, प्राणवायू. आजीला पहिलं बक्षीस दिलं आणि मुलीला दुसरं, मुलगी थोडी रुसली.

भुताच्या गोष्टी चालतात का? पौराणिक?

भूत शेवटी भूतच निघालं तर नाही. पौराणिक नावं घेऊन विज्ञानकथा लिहिता येते, लिहिली गेलीय. पण आपल्याकडे पूर्वी सगळं होतंच असं सिद्ध करायला कोणी उभं राहिलं तर मी नम्रपणे माईक मागून घेते.

एआयकडून लिहून घेतलेली गोष्ट स्पर्धेला पाठवू का?

नको. यंत्रावर लिहा, यंत्राकडून नको.

भांडणं होतात का?

जोरात. १९३९च्या वर्ल्डकॉनला आपसातल्या राजकारणावरून सहा फॅन लोकांना दारातच अडवलं होतं, आणि तो प्रसंग आजही सांगितला जातो, कारण त्या सहांतले काही पुढे नावाजलेले लेखक-संपादक झाले. आमचा नियम आहे की मतावरून कोणालाही दारात अडवायचं नाही. बायका-मुलींना त्रास दिला तर मात्र बाहेर, त्यात चर्चा नाही.

घरचे काय म्हणतात?

आई म्हणायची, "एवढ्या वेळात एलएलबी झाली असतीस." नवरा मंडपवाल्याशी भाव करतो आणि खुर्च्या मोजून घेतो. मुलगी बिल्ले करते. बिल्ल्यावर नावाखाली एक ओळ असते, सध्या काय वाचताय, आणि ओळख करून द्यायचं काम ती ओळच करते.

पुस्तकं ठेवता कुठे? नंतर त्यांचं काय?

साडेचारशे फुटांच्या घरात ठेवते, म्हणजे पलंगाखाली, माळ्यावर, शिलाई मशीनच्या खोक्यात. पण "नंतर काय" हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे.

काका गेले तेव्हा त्यांची बिल्डिंग पाडायला निघाली होती. काकू आधीच गेलेल्या, मुलाला महिनाभरात घर रिकामं करायचं होतं. त्याची चूक नाही, त्याला काय माहीत. मला कळेपर्यंत सगळं रद्दीत गेलं होतं. आम्ही तिघं धावत रद्दीवाल्याकडे गेलो, वजनकाट्याच्या मागे गोण्यांचा ढीग, एकेक गोणी उलटी करून बघितली. तेवीसपैकी चौदा खंड मिळाले. रद्दीवाल्याने किलोच्या भावात पैसे लावले, वरती एक रुपया घेतला नाही, उलट स्वतः गोण्या उचलून दिल्या. बेलवाली गोष्ट सातव्या खंडात, ती मिळाली. नऊ खंड गेले.

अ‍ॅकरमनकडे एकेकाळी तीन लाखांच्या आसपास वस्तू होत्या, लोक शनिवारी त्याच्या घरी बघायला यायचे, तो संग्रह पण शेवटी विकला गेला, लिलावात विखुरला. याउलट ब्रूस पेल्झ, १९७२च्या लॉस एंजेलिस वर्ल्डकॉनच्या दोन अध्यक्षांपैकी एक, त्यांची फॅन्झिन्स, लाखाच्या वर, कॅलिफोर्नियात रिव्हरसाइडच्या युनिव्हर्सिटीत व्यवस्थित ठेवलेली आहेत. फरक एवढाच की जागा ठरलेली होती. म्हणून आता आमच्या सदस्यत्वाच्या फॉर्मवर शेवटी दोन ओळी आहेत, तुमच्या पुस्तकांचं पुढे काय करायचं आणि फोन कोणाला करायचा. त्या भरा. घरच्यांना दाखवून ठेवा. उरलेले चौदा खंड आम्ही पानापानाने स्कॅन करतोय, समासातल्या लाल फुल्यांसकट.

मी एकटाच येणार, कोणी ओळखीचं नाही, चालेल?

बहुतेक सगळे तसेच येतात. दारातून आत आल्यावर डाव्या हाताला एक फळा असतो, त्यावर "अर्धवट राहिलेल्या गोष्टी" असं लिहिलेलं असतं. ज्याला गोष्टीचं नाव आठवत नाही, शेवट मिळाला नाही, पान फाटलेलं होतं, त्याने चिठ्ठी लावायची, आणि ज्याला माहीत आहे त्याने शेवट न लिहिता फक्त "माझ्याकडे आहे" एवढं लिहून आपलं नाव टाकायचं. तिथे उभं राहिलात की पाच मिनिटांत कोणीतरी बोलायला येतंच.

सध्या एक चिठ्ठी तीन वर्षं तशीच आहे. विरारच्या एका आजींची. १९८५च्या आसपासचा अंक, गोष्टीत समुद्राखाली एक शाळा असते, आणि एक मुलगा रोज वर्गातल्या खिडकीच्या काचेवर वाफ धरून बाहेरच्या कोणाला तरी पत्र लिहितो, आणि एक दिवस पलीकडून उत्तर येतं. पुढे काय होतं ते आजींना आठवत नाही. तुमच्याकडे असेल तर या रविवारी माळा काढा.